उसनी साक्ष

एकदा एक तरुण होता आणि त्याच्या आयुष्यात काहीच घडलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग गोष्ट कसली? जरा दम धरा. काहीच घडलं नव्हतं, हीच तर त्याची पंचाईत होती.

त्याचं नाव सीलास पाटोळे. प्रवरेच्या काठी एक लहानसं गाव, गावात दगडी भिंतींचं, कौलारू, जुनं प्रार्थनामंदिर आणि त्याच्या भोवती राहणारी ख्रिस्ती मंडळी. सीलास याच मंडळीत वाढला. कधी दारूला शिवला नाही, कधी घर सोडून पळाला नाही, मोठं दुखणं त्याच्या वाट्याला आलं नाही. लहानपणी एकदा गोवर आला होता, तोही बिचारा चार दिवसांत मुकाट्याने निघून गेला.

मग या मुलाने केलं काय? वाचलं. गावात तबिथाबाई रणनवरे नावाच्या एक वृद्ध शिक्षिका होत्या. सारं आयुष्य मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेलं, लग्न केलं नाही, जिभेला धार होती आणि घरात पुस्तकांनी भरलेलं एक सागवानी कपाट होतं. शाळा बंद पडली तेव्हा तिथलं वाचनालय रद्दीवाल्याकडे निघालं होतं. बाईंनी ते बैलगाडीत घालून घरी आणलं. सीलासला अक्षरओळख झाली आणि तो त्या कपाटाला जो चिकटला तो चिकटलाच. बाई एक पुस्तक द्यायच्या, ते परत आणलं की काय वाचलंस ते विचारायच्या, आणि उत्तर पटलं तरच दुसरं द्यायच्या. गावातले लोक गमतीने म्हणायचे, या पोराला बाईंनी दत्तक घेतलं नाही, पण कपाटाने घेतलं.

त्याची श्रद्धा या कपाटातून उगवली. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तो बाईंच्या ओसरीवर बसून वाचायला शिकला. प्रार्थना, क्षमा, शंका, सेवा, हे सगळे शब्द त्याला आधी कुणाच्या तरी पुस्तकात भेटले आणि मग हळूहळू अंगात मुरले. एवढ्या संथपणे मुरले की, अमुक दिवशी मी विश्वास ठेवला, असा दिवससुद्धा त्याला दाखवता आला नसता.

आता त्या मंडळीत एक रीत होती. कुणाला उपदेशक म्हणून नेमायचं, तर नेमणुकीच्या दिवशी त्याने सर्वांसमोर उभं राहून आपली साक्ष द्यायची. देवाने माझ्या आयुष्यात काय केलं, ते आपल्या तोंडाने सांगायचं. रीत चांगलीच आहे. पण चांगल्या रीतीलासुद्धा काळानुसार पुटं चढतात. साक्ष म्हटली की लोकांना काहीतरी जबरदस्त ऐकायची सवय लागली होती. एक जण दारूच्या नशेत विहिरीत पडला आणि वाचला. एकाचा डॉक्टरांनी हात टेकलेला आजार प्रार्थनेने बरा झाला. एकाने तर चोरीच्या वाटेवर असताना आकाशात प्रकाश पाहिला होता. ही माणसं खरं बोलत होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अशा साक्षी ऐकून ऐकून मंडळीचे कान इतके तिखट झाले होते की साधा वरणभात त्यांना बेचव लागायचा.

सीलासचं नाव उपदेशक म्हणून पुढे आलं तेव्हा सगळे खूश झाले. कापणीच्या सणाच्या रविवारी नेमणूक ठरली. तालुक्याहून पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येणार होते. सीलासच्या वडिलांनी नवीन सदरा शिवायला टाकला, स्वतःसाठी नव्हे, मुलासाठी. सीलासला मात्र एकच प्रश्न पडला. साक्ष कसली देणार? मी पुस्तकं वाचली, असं सांगू? ही काय साक्ष झाली?

सणाला काही आठवडे असताना तो शेजारच्या गावी एका प्रार्थनासभेला गेला. तिथे आधी इतरांच्या साक्षी झाल्या. एका बाईची ऐकून तर सगळा मांडव रडला. मग कुणीतरी म्हणालं, आता आपले होणारे उपदेशक बोलतील. सीलास उभा राहिला. त्याने खरंच सुरुवात केली होती, "मी लहानपणापासून वाचनाची आवड..." आणि पहिल्याच रांगेतल्या एका गृहस्थांनी तोंडापुढे हात धरून जांभई दिली.

तेवढ्या जांभईने घात केला. सीलासच्या तोंडातून एक वेगळीच गोष्ट बाहेर पडली. तो म्हणाला, मी शिकायला मामाच्या गावी होतो. गोदावरीला पूर आला होता. मी वाहत गेलो, एका बाभळीच्या फांदीला धरून राहिलो, हात सुटायला आले, आणि तेवढ्यात पाण्यावरून कुणीतरी मला नावाने हाक मारली. दोनदा मारली. माझ्या हातात बळ आलं. त्या क्षणी मी माझं आयुष्य त्याला दिलं.

गोष्ट सुंदर होती. फक्त ती सीलासची नव्हती. कपाटातल्या एका पुस्तकात एका नावाड्याने आपली हकीकत लिहिली होती, ती ही. सीलासने ती कोवळ्या वयात वाचली होती आणि त्याला ती जवळजवळ पाठ होती. ठरवून त्याने काही केलं नाही, हे मला ठाऊक आहे. खोटं ठरवून क्वचितच येतं. रिकामी खुर्ची दिसली की ते येऊन बसतं, आणि एकदा बसलं की त्याला ऊठ म्हणायची सोय राहत नाही.

लोक रडले. एका म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सीलासची सायकल गावात पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. वडिलांनी दारातच विचारलं, "एवढं झालं आणि मला कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून नाही बोललो," सीलास म्हणाला. म्हणजे एका खोट्याला आता दुसऱ्याचा टेकू लागला. वडिलांनी त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मिठीत उभ्या असलेल्या सीलासला आपण किती वाईट आहोत ते पहिल्यांदा कळलं.

तरीही त्याने स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काय बिघडलं? लोकांची श्रद्धा वाढलीच की.

बिघडलं होतं. सणाच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, रिबेकामावशी त्याच्या दारात आली. ही विधवा बाई मंडळीतलीच. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा आमोस म्हशी सोडवायला नदीत उतरला होता, तो परत आला नाही. त्यानंतर मावशी उपासनेला यायची, पण मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे पाळक भाकर देतात तेव्हा, उठायची नाही. तिला कुणी आग्रह केला नाही.

"सीलास, तुला एक इचारू का?" ती उंबऱ्याशीच बसली.

"विचारा की मावशी. आत तर या."

"हितंच बरी हाय. तुला पान्यात हाक आली, ती कशी आली रं? मोठ्यानं आली का हळू?"

तो म्हणाला, "आली, मावशी. ऐकू येण्याइतकी आली."

"तसं न्हाई. पुराचा आवाज लई मोठा असतोय. त्या दिवशी मी काठावर हुभी व्हते, मला माझंच वरडनं ऐकू येत नव्हतं. म्हनून इचारते." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमोसला पन आली असंल का हाक?"

इथे, वाचकहो, या मुलाने सगळं कबूल करायला हवं होतं. समोर एक आई बसली होती. पण नवीन सदरा शिवून आला होता, पाळकसाहेबांना निरोप गेला होता, वडील गावभर सांगत फिरत होते. सीलास चाचरत म्हणाला, "आली असेल, मावशी. कदाचित त्याला ऐकू गेली नसेल."

मावशीने बोटाचा पदर सोडला. मग हळूच म्हणाली, "त्याचा डावा कान फुटका व्हता. ल्हानपनी वाहायचा. मी आज नेते, उद्या नेते म्हनत राह्यले, दवाखान्यात नेलंच न्हाई." ती उठली. "म्हंजे माझ्यामुळंच झालं म्हनायचं."

सीलास तिला थांबवायला उठला, पण काय सांगून थांबवणार? ती गेली. त्या दिवसापासून सीलासला अन्न गोड लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खवखव नव्हती, आग पडली होती. आपल्या एका उसन्या गोष्टीने एका आईला तिच्या मेलेल्या मुलाचा कान आठवायला लावला, हे त्याला उठता-बसता दिसत होतं.

शनिवारी तो तबिथाबाईंकडे गेला. बाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. सीलासने बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग विचारलं, "बाई, एखाद्या गोष्टीने लोकांची श्रद्धा वाढत असेल, तर ती थोडीशी वाढवून सांगितली तर चालेल का?"

बाईंनी शेंगांवरून नजर वर केली नाही. "उद्या सकाळी लवकर ये," त्या म्हणाल्या. "माझं अर्पण जड आहे. उचलायला कुणीतरी लागेल."

एवढंच. सीलास निराश होऊन परतला. त्याला वाटलं, बाईंना प्रश्न कळलाच नाही.

कापणीचा सण ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या कष्टाचं पहिलं फळ घेऊन मंदिरात येतं. ज्वारीची कणसं, वांगी, मेथीच्या जुड्या, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, कुणाकडे शेत नसेल तर घरच्या शेळीचं दूध. ते सगळं वेदीपुढे रचतात. उपासना झाली की त्याचाच लिलाव होतो आणि काय हसणं-खिदळणं चालतं, एखादी वाकडी दुधी गावच्या पाटलाच्या थाटात विकली जाते. तबिथाबाईंच्या परसातल्या वेलाची दुधी तर दरवर्षी वाकडीच यायची आणि तिच्यावर दरवर्षी सर्वात जास्त चढाओढ व्हायची. बाईंच्या हातची म्हणून.

त्या सकाळी सीलास बाईंच्या घरी गेला तर ओसरीवर एक पेटी ठेवलेली. पुठ्ठ्याची, वरून चकचकीत कागद लावलेली. सीलासने ती उचलली आणि मंदिरात नेऊन वेदीपुढे ठेवली. बाईंनी स्वतः कागद फाडला. आत सफरचंदं होती. लालभडक, एकसारखी, आणि प्रत्येकावर कंपनीचा गोल कागदी शिक्का चिकटवलेला. त्यांनी ती एका सुपात रचली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी वर खोचली: तबिथा रणनवरे यांच्या परसातून.

मंदिरात सामान रचणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी हसलं, कुणी गप्प झालं. एकीने बाईंच्या जवळ जाऊन कुजबुजत विचारलं, "बाई, बरं आहे ना?" म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो, अशी शंका तिच्या आवाजात स्पष्ट होती.

सीलास तर गोंधळूनच गेला. प्रवरेच्या काठी सफरचंद? इथे मोसंबीसुद्धा रडतखडत येते. तो बाईंना म्हणाला, "बाई, ही तर बाजारातली आहेत."

"हो. काल एसटीने तालुक्याला गेले होते."

"पण चिठ्ठीवर तुमच्या परसातली लिहिलंय. आणि तुमच्या वेलाला तर दुधी लागलीय, मी येताना पाहिली."

"लागलीय. वाकडी आहे," बाई म्हणाल्या. "दरवर्षी मी तेच ते वाकडं वेदीपुढे ठेवायचं, लोक हसायचे. म्हटलं, या वर्षी जरा चांगलं दिसेल असं काहीतरी आणू. दिसतंय ना चांगलं?"

सीलासने चिठ्ठीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. बाईंनी त्याच्या कोपराला धरून त्याला मंदिराच्या बाजूच्या दाराने बाहेर नेलं. बाहेर मोकळ्या अंगणात त्या पायरीवर बसल्या आणि त्याला समोर बसवलं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" सीलासने विचारलं.

"ज्या दिवशी गावात आलं त्याच दिवशी. अरे, त्या नावाड्याचं पुस्तक तुला मी दिलं होतं. परत करायला आलास तेव्हा डोळे सुजलेले होते तुझे. मी विचारलं, काय वाचलंस, तर तुला बोलता आलं नव्हतं. पहिल्यांदाच मी तुला उत्तर न घेता दुसरं पुस्तक दिलं." बाई म्हणाल्या, "इतके दिवस तुझी वाट बघत होते. म्हटलं, स्वतःहून येईल. काल आलास, पण अर्धाच आलास."

"माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, बाई. माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही. मी फक्त वाचलं."

आता बाई चिडल्या. आवाज चढला नाही, पण शिकवताना जशी पट्टी टेबलावर आपटायच्या तशी त्यांनी हाताची मूठ पायरीवर टेकवली.

"फक्त वाचलं म्हणे. नावाड्याने पाण्यात जे सोसलं ते त्याचं. त्याने ते खरेपणाने लिहिलं, म्हणून ते इतक्या लांब तुझ्यापर्यंत आलं. आणि ते वाचताना एक पोरगा डोळे सुजेपर्यंत रडला, ते रडणं कुणाचं? ते तुझं. तेवढं आणायचं होतंस वेदीपुढे. देवाला तुझ्याकडून पूर नको होता रे. त्याला माहीत आहे तुझ्या रानात काय पिकतं ते. कुणाला तो विहिरीतून काढतो, कुणाला कपाटातून. कपाटातून काढलेल्याला लाज कसली वाटावी? माझं सगळं आयुष्य त्याच कपाटापुढे गेलं. म्हणजे माझ्याकडेही साक्ष नाही, असं म्हणायचंय तुला?"

सीलासने मान खाली घातली.

"आणि लोकांची श्रद्धा वाढते म्हणालास," बाई पुढे म्हणाल्या, "तर बुधवारी रिबेका माझ्याकडे येऊन गेली. पोराच्या कानाचं बोलत होती. तिची किती वाढली ते तिला विचार."

आत घंटा झाली. पाळकसाहेबांची गाडी दारात आली होती. सीलास म्हणाला, "बाई, आज सांगितलं तर नेमणूक होणार नाही."

"बहुतेक नाही होणार."

"बाबांना काय वाटेल?"

"वाईट वाटेल," बाई म्हणाल्या. "मग हळूहळू बरं वाटेल. चल, आधी मला ती सफरचंदं उचलू लाग. लेकरांना वाटून टाकते. आणि धावत जाऊन माझी दुधी तोडून आण."

उपासना सुरू झाली. गाणी झाली, पेटी-तबला दणदणला, उपकारस्तुती झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, आता आपले बंधू सीलास आपली साक्ष देतील. लोक सावरून बसले. पुराची गोष्ट या गावाने अजून त्याच्या तोंडून ऐकली नव्हती, ऐकायला सगळे आतुर होते. वडील पहिल्या रांगेत होते. रिबेकामावशी मागच्या भिंतीशी.

सीलास उभा राहिला. त्याचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागून कुणीतरी, मोठ्यानं, असं म्हणालं.

"मी कधी पुरात सापडलो नाही," तो म्हणाला. "गोदावरीत नाही, प्रवरेत नाही. मला कुणी हाक मारली नाही. ती गोष्ट एका पुस्तकातली आहे. दुसऱ्याची आहे. मी ती माझी म्हणून सांगितली, कारण मला माझ्या गोष्टीची लाज वाटत होती."

मंदिरात इतकी शांतता झाली की वेदीपुढच्या कोंबडीची कुरकुर ऐकू येऊ लागली. सीलास पुढे बोलत राहिला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवत नव्हतं.

तो म्हणाला, "मी लहान असताना एका आंधळ्या मुलीची गोष्ट वाचली. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. तिला पुढे दिसायला लागलं की नाही, हे मला कळलंच नाही. म्हणून मी रोज झोपताना तिच्यासाठी प्रार्थना करायचो. ती मुलगी छापलेली आहे, खरी नाही, हे मला कळत होतं, तरी करायचो. प्रार्थना करायला मी तिथे शिकलो. मोठा झाल्यावर एका परिचारिकेची आठवणींची वही छापलेली वाचली. ती कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायची. तिने लिहिलं होतं की आयुष्यभर प्रार्थनेत तिला काहीच जाणवलं नाही, कुणाचा आवाज नाही, काही नाही, तरी रोज सकाळी ती उठून जखमा धुवायला गेली. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि आमच्या शेजारच्या आजारी आजोबांना पाणी द्यायला गेलो. एवढंच घडलंय माझ्या आयुष्यात. आणि त्या नावाड्याची हकीकत वाचून मी खूप रडलो होतो, कारण मला वाटलं होतं, असाच आपल्यालाही कुणी नावाने ओळखत असेल. ते रडणं तेवढं माझं आहे."

मग तो थेट मागच्या भिंतीकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुम्हाला जे सांगितलं, ते मला काहीच माहीत नसताना सांगितलं. मला माफ करा."

माणसं माना वळवून बघू लागली. रिबेकामावशी भिंतीला धरून उठली. तिला मंदिरात बोलताना कुणी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"म्हंजे पान्यात हाक आलीच नव्हती?"

"नाही, मावशी. मी पाण्यात नव्हतोच."

"तुला बी न्हाई?"

"मलाही नाही."

मावशीने भिंतीवरचा हात काढला. मग ती म्हणाली, "मंग माझ्या आमोसच्या कानाचा त्यात काय दोष न्हाई."

"नाही, मावशी. काही दोष नाही. तुमचाही नाही."

मावशी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. कुणी तिला उगी म्हणालं नाही. तबिथाबाई आपली जागा सोडून मागे गेल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्या वयात जमिनीवर बसणं सोपं नसतं, बसताना दोन जणींनी हात दिला.

पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच बाजूच्या खोलीत गेले आणि लवकरच परतले. त्यांनी सांगितलं, नेमणूक पुढच्या कापणीला बघू. तोवर सीलासने लेकरांना वाचायला शिकवावं, उपदेश करू नये. सीलासच्या वडिलांनी हे ऐकून डोळे मिटले आणि मग उघडले. मुलगा शेजारी येऊन बसला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी सरकून जागा केली.

आणि सीलास? मी सांगतो, तुमचा विश्वास बसणार नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी त्याला पहिल्यांदाच भूक लागली. वेदीपुढच्या भाकरीच्या टोपलीचा वास येऊ लागला आणि उपासना कधी संपते असं त्याला झालं, जसं साध्या माणसाला होतं.

प्रभुभोजनाची वेळ झाली. रांग लागली. पाळकसाहेब भाकर देत पुढे येत होते आणि रांगेच्या शेवटी, डोळे पुसत, पदर नीट करत, रिबेकामावशी उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले. भाकर हातात पडली, ती तिने कपाळाला लावली आणि तोंडात घातली. मग ती पुन्हा मागच्या भिंतीकडे गेली नाही, पुढच्या बाकावर सरकून बसली.

देवाने आपल्यासाठी काय केलं ते जरूर सांगावं. पण सांगण्यापूर्वी ऐकायला समोर कोण बसलं आहे, तेवढं एकदा पाहून घ्यावं.